आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय!

खासगीपणाच्या गप्पा मारणाऱ्यांच्या नादी लागू नका. तुम्ही साधी सरळ माणसं. तुमच्यावर कोण कशाला पाळत ठेवेल?

सुरुवात लग्नपत्रिकेपासून करा. फेसबुकवर टाका, वाट्टेल त्याला दिसेल अशी. मामांची नावं ठळक हवीत, नाहीतर ते रुसतात. मामाचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि फोनवर ओळख पटवायला कुठे कुठे नेमकं तेच विचारतात, हा योगायोग समजा. खाली मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता असतोच. त्या दिवशी घराला कुलूप असेल, हे वेगळं कळवायला नको.

घर कुठलं, ते सांगायला सरकार आहे. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदार यादी: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक. फ्लॅट केवढ्याला घेतला ते नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक २ मध्ये, गावची जमीन सातबाऱ्यावर. यातला प्रत्येक कागद रास्त कारणासाठीच उघडा आहे (बोगस मतदार शोधायचे तर यादी दिसायलाच हवी). हे कागद एकमेकांना ओळखत नाहीत, एवढंच. ती ओळख तुमचा वाढदिवसाचा, केकवर वय घातलेला फोटो करून देतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर विल्यम वेल्ड असेच निर्धास्त होते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधकांना देताना नावं काढलीत, मग भीती कसली? लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदार यादी आणली आणि जन्मतारीख, लिंग नि तिकडचा पिनकोड जुळवून पाहिला. निघाल्या त्या खुद्द साहेबांच्याच नोंदी. आपल्या यादीत जन्मतारीख नसते, नुसतं वय असतं. ती उणीव भरून काढायला मित्रमंडळी 'हॅपी बर्थडे' लिहितातच.

कायद्यानेही तुमच्या दिलदारपणाचा मान राखलाय. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, कलम ३: तुम्ही स्वतःहून चव्हाट्यावर मांडलेल्या माहितीला तो लागूच नाही.

आता लेकाची दहावी आली. त्याचं हॉल तिकीट 'आशीर्वाद असू द्या' म्हणत सगळ्या ग्रुपवर पाठवा. बोर्डाच्या संकेतस्थळावर निकाल बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव पुरतं. टक्के तुमच्या आधी चुलत साडूंना कळतील. पेढे मात्र तुम्हालाच आणावे लागतील.