बोल्टचे दोन गोल आणि न झालेला अन्याय

उसेन बोल्टविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : जगातील सर्वांत वेगवान माणसाने ऑस्ट्रेलियातील सेंट्रल कोस्ट मरिनर्स या फुटबॉल क्लबकडून पहिल्याच सामन्यात दोन गोल केले, तरीही क्लबने त्याला करार दिला नाही, कारण त्यांना त्याच्या नावावर फक्त तिकिटे खपवायची होती, ज्याच्या पायांत एवढा वेग आहे त्याला फुटबॉल शिकवणे ही फार तर एका हंगामाची बाब होती, दुसऱ्या खेळांतून आलेल्या अनेकांनी हे करूनही दाखवले आहे, आणि बोल्टला घालवून क्लबने आपलेच नुकसान करून घेतले. या मजकुरातील काही तपशील खरे आहेत. त्यांच्यावर उभारलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही, आणि तो का टिकत नाही हे एकेक मुद्दा घेऊनच पाहिले पाहिजे.

आधी घटनाक्रम. बोल्ट २०१७ च्या लंडन जागतिक स्पर्धेनंतर धावपट्टीवरून निवृत्त झाला. त्यानंतर जानेवारी २०१८ मध्ये त्याने दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्स संघासोबत, मार्चमध्ये जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडसोबत आणि जूनमध्ये नॉर्वेच्या स्ट्रॉम्सगोडसेट संघासोबत सराव केला. ऑगस्टमध्ये तो न्यू साउथ वेल्समधील गॉसफर्ड येथे मरिनर्सकडे आला आणि आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, २१ ऑगस्टला, पहिल्यांदा सरावाला उतरला. ३१ ऑगस्टच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी बदली खेळाडू म्हणून खेळला. दोन गोल झाले ते १२ ऑक्टोबरला, कॅम्पबेलटाउन येथे. हा त्याचा मरिनर्सकडून पहिला सामना नव्हता, सुरुवातीपासून खेळलेला पहिला सामना होता. २ नोव्हेंबरला क्लबने ही चाचणी संपल्याचे जाहीर केले.

त्या दोन गोलांकडे आता पाहू. प्रतिस्पर्धी होता मॅकार्थर साउथ वेस्ट युनायटेड, म्हणजे ए-लीग या ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेत, जिथे मरिनर्स खेळतात, प्रवेश मिळावा म्हणून प्रयत्न करणाऱ्या गटाने उभा केलेला संघ. तो लीगमधला संघ नव्हता आणि सामना हंगामपूर्व सरावाचा होता. निकाल ४-० लागला. बोल्टचा पहिला गोल खरोखर चांगला होता. बचावपटूला अंगावर घेऊन त्याने डाव्या पायाने चेंडू जाळीत धाडला, आणि एखाद्या तरुण आघाडीपटूने तसा गोल केला असता तर प्रशिक्षकाने तो नक्कीच नोंदवून ठेवला असता. दुसरा गोल बचावपटू आणि गोलरक्षक यांच्यातील गोंधळातून हाती लागला. गोल गोलच असतो, हे मान्य. परंतु करार द्यायचा की नाही हे ठरवताना क्लब आठवड्यांच्या सरावातून दिसलेल्या गोष्टी पाहतो : खेळाडू चेंडू नसताना कुठे उभा राहतो, पाठीवर बचावपटू असताना चेंडू कसा अडवतो, साठाव्या मिनिटानंतर त्याच्या पायांत किती दम उरतो. अर्धव्यावसायिक खेळाडूंविरुद्धच्या एका संध्याकाळीत या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. पर्थ ग्लोरीचा आघाडीपटू अँडी किओ याने बोल्टच्या चेंडूवरील पहिल्या स्पर्शाला जाहीरपणे ट्रॅम्पोलिनची उपमा दिली. ती बोचरी होती आणि प्रतिस्पर्ध्याच्या तोंडची होती, परंतु तिच्यातला रोख नेमका होता. वरच्या पातळीवर आघाडीपटूकडे आलेला चेंडू दीड-दोन मीटर उसळून गेला, तर त्याच्या वेगाचा उपयोग बचावपटूलाच होतो.

या साऱ्या मजकुराचा कणा आहे वेगाचा युक्तिवाद, म्हणून त्याला अधिक जागा द्यावी लागेल. बर्लिनमध्ये २००९ साली बोल्टने शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले, त्या शर्यतीची वीस-वीस मीटरची फोड उपलब्ध आहे. पहिल्या वीस मीटरला त्याला २.८९ सेकंद लागले, त्यापुढच्या टप्प्यांना अनुक्रमे १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६ सेकंद. ताशी सुमारे ४४.७ किलोमीटरचा जो वेग सर्वत्र उद्धृत केला जातो, तो साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यातला आहे. त्याआधी पूर्ण साठ मीटर कोणीही आडवे न येता, सरळ रेषेत, आपल्या आखलेल्या पट्टीतून धावायला मिळाल्यावर तो साधला गेला. फुटबॉलच्या मैदानाची लांबी साधारण १०५ मीटर असते, आणि त्यात आघाडीपटूला सलग साठ मीटर मोकळी वाट मिळण्याचे प्रसंग एका हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके येतात. बाकी सगळे धावणे पाच, दहा, वीस मीटरचे, मध्येच थांबण्याचे, वळण्याचे, उलट फिरण्याचे आणि ऑफसाइडची रेषा सांभाळत योग्य क्षणी निघण्याचे असते. शंभर मीटरचा विजेता थेट खो-खोच्या मैदानावर उतरवला तर तो चांगला आक्रमक ठरेलच असे आपल्यापैकी कोणी खात्रीने म्हणणार नाही. तोच हिशेब इथे आहे.

याचा अर्थ पहिल्या वीस मीटरमध्ये बोल्ट मंद होता असा नाही. त्या अंतरातही तो बहुतेक फुटबॉलपटूंना मागे टाकेल. मात्र तिथे त्याची आघाडी दशांश सेकंदांची असते, आणि एक अनुभवी बचावपटू पास कुठे पडणार हे अर्धा सेकंद आधी ओळखून ती सहज भरून काढतो. शिवाय नव्वद मिनिटांच्या सामन्यात खेळाडू दहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो, आणि त्यात दर एक-दोन मिनिटांनी पुन्हा जोर लावावा लागतो. दहा ते वीस सेकंदांच्या कमाल ताकदीसाठी सुमारे दीड दशक घडवलेले, १.९५ मीटर उंचीचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापतीने शेवटच्या शर्यतीत कोसळलेले शरीर बत्तिसाव्या वर्षी या वेगळ्या कामाला जुंपणे ही एका हंगामाची बाब नव्हती. चेंडूवरचे नियंत्रण हा तर त्याहून निराळा विषय आहे. वरच्या पातळीवरचे खेळाडू ते सहा-सात वर्षांचे असल्यापासून रोज घोटत आलेले असतात.

दुसऱ्या खेळांतून आलेल्यांचे दाखले देणाऱ्यांनी ते दाखले नीट उलगडून पाहावेत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील शंभर मीटरचा विजेता बॉब हेज पुढे डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाकडून खेळला आणि सुपर बोल, म्हणजे त्या खेळाची अंतिम लढत, जिंकलेल्या संघात होता, हे खरे. परंतु तो महाविद्यालयातच अमेरिकन फुटबॉल खेळत होता. धावपट्टीवरून उठून थेट त्या मैदानावर गेला नव्हता. जॉर्डन मेलाटाचे उदाहरण अधिक चपखल वाटते, कारण ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणाऱ्या या तरुणाने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नसताना २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याची निवड केली आणि कालांतराने तो त्या संघाचा आधारस्तंभ झाला. मात्र तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता, त्याला दिलेल्या जागेवर प्रचंड देह आणि ताकद हीच मुख्य गरज होती, आणि तरीही पहिले दोन हंगाम तो नियमित हंगामातील एकाही सामन्यात उतरला नाही. प्रत्येक डाव काही सेकंदांत संपून थांबणाऱ्या खेळात एका विशिष्ट कामासाठी माणूस घडवता येतो. सलग चालणाऱ्या फुटबॉलमध्ये अशी राखीव कामे जवळजवळ नाहीतच. गोलरक्षक सोडला तर सर्वांना सगळे यावे लागते.

खुद्द ऑस्ट्रेलियात याहून जवळचे दाखले आहेत आणि ते मजकूर पसरवणाऱ्यांच्या उपयोगाचे नाहीत. रग्बी लीगचा तारा इझ्राएल फोलाऊ याला २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन रूल्स या तिथल्या वेगळ्या फुटबॉल प्रकारातील ग्रेटर वेस्टर्न सिडनी संघाने मैदानात उतरवले. एका हंगामात १३ सामने आणि दोन गोल झाल्यावर तो तिथून निघाला आणि रग्बी युनियनमध्ये गेला. रग्बी लीगमधूनच आलेला कार्मायकल हंट ऑस्ट्रेलियन रूल्सच्या गोल्ड कोस्ट सन्सकडे अधिक काळ टिकला, पण त्यालाही रुळायला वेळ लागला. आणि हे दोघेही अंडाकृती चेंडूच्या एका खेळातून दुसऱ्यात गेले होते.

आता प्रसिद्धीचा आरोप. प्रसिद्धी हवी होती, यात वाद नाही. चार प्रकारच्या फुटबॉलमध्ये प्रेक्षक विभागला गेलेल्या देशात, आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या एका लहान शहरातील क्लबला जगभरचे कॅमेरे दारात आलेले आवडणारच. ३१ ऑगस्टच्या हौशी खेळाडूंविरुद्धच्या सामन्याला सुमारे दहा हजार प्रेक्षक आले, ते फुटबॉलसाठी आले नव्हते. परंतु हा हेतू एकट्या क्लबचा होता असे मानणे भोळेपणाचे आहे. डॉर्टमुंडला कपडे पुरवणारी प्यूमा हीच बोल्टचीही प्रायोजक होती, आणि नॉर्वेत त्याच्या पाठीवर ९.५८ हा क्रमांक होता. प्रसिद्धीचा हेतू आणि प्रामाणिक चाचणी एकत्र नांदू शकतात, आणि मरिनर्सने ती घेतली : दोन महिन्यांहून अधिक सराव, सामन्यात संधी, आणि त्यानंतर कराराचा प्रस्तावसुद्धा.

म्हणजे 'करार दिला नाही' हे विधान सरळ चुकीचे आहे. प्रस्ताव होता, रकमेवर एकमत झाले नाही. माध्यमांत छापून आलेल्या आकड्यांनुसार क्लबचा प्रस्ताव दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासचा होता आणि बोल्टच्या बाजूची अपेक्षा तीस लाखांची होती. हे आकडे थोडेफार इकडेतिकडे असले तरी दरी लहान नव्हती. ती भरून काढण्यासाठी बाहेरचा प्रायोजक मिळाला नाही, आणि ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल महासंघाने नामांकित खेळाडूंसाठीच्या निधीतून पैसे देण्यास नकार दिला. बोल्टला माल्टाच्या व्हॅलेटा क्लबनेही दोन वर्षांचा करार देऊ केला होता, तो त्याने स्वतः नाकारला. दोन दारे उघडी असलेल्या माणसावर अन्याय झाला असे म्हणणे मला पटत नाही.

राहिला क्लबच्या नुकसानीचा मुद्दा. २०१८-१९ च्या हंगामात मरिनर्स पुन्हा तळाला राहिले आणि प्रशिक्षक माइक मल्वी यांना वेलिंग्टनविरुद्धच्या ८-२ पराभवानंतर जावे लागले, हे खरे आहे. पण ज्या संघाचा बचाव आठ गोल खातो त्याला आणखी एक अननुभवी आघाडीपटू कसा तारणार होता, याचे उत्तर मजकुरात नाही. परदेशी खेळाडूंसाठी क्लबकडे तेव्हा जेमतेम पाच जागा होत्या, त्यांतील एक बोल्टने अडवली असती. याच क्लबने पुढे कमी पैशांत तरुण खेळाडू घडवण्याचा मार्ग धरला. तिथून वर आलेला गरँग क्वोल किशोरवयातच न्यूकॅसल युनायटेडने घेतला, आणि २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे ए-लीगचे विजेतेपद गॉसफर्डला गेले.