एक दांडी कमी आहे, काका

स्वतः चालवायला भाड्याची गाडी घेणार असाल तर गाडी तपासण्यात वेळ घालवू नका. गाड्या सगळीकडे सारख्याच असतात. मागच्या सीटच्या फटीत शेंगांची टरफलं, डाव्या दारावर आधीच्या गिऱ्हाइकाची खूण म्हणून एक लांबलचक ओरखडा, पुढेमागे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. (पाटी पांढरी, म्हणजे खासगी गाडीची असेल, तर ती गाडी मालकाच्या मावसभावाची आहे आणि वाटेत कुणी अडवलं तर तुम्हीही मावसभाऊच आहात, एवढं पाठ करून ठेवा.) बघायचंच असेल तर डॅशबोर्डावरच्या इंधनाच्या दांड्या बघा. भाडं म्हणजे नुसती तोंडओळख, खरा व्यवहार टाकीत होतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? जेवढं जाळलं तेवढं भरून द्यायचं. असा सरळ विचार करणारी माणसं या धंद्याला फार आवडतात.

सोलापुरात गाडी लागते ती देवासाठी. पाहुणे मुंबई-पुण्याहून वंदे भारतने रात्री उशिरा उतरतात आणि एका दिवसात तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर तिन्ही उरकायचं म्हणतात. तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तरच्या वर, आणि प्रत्येक वेळी फिरून सोलापुरातच यायचं. बेरीज तीनशेच्या पलीकडे जाते. म्हणजे सतरा-अठरा लिटर पेट्रोल. पुण्य किती मिळालं हे मोजायला आपल्याकडे यंत्र नाही, पेट्रोलचं मात्र आहे, आणि ते गाडी देणाऱ्याच्या बाजूने आहे.

सर्वांत लोकप्रिय पद्धत ‘जेवढ्यावर नेली तेवढ्यावर आणा’. यात गाडी तुम्हाला शक्यतो दोन दांड्यांवर मिळते. भरलेली टाकी देऊन तुम्हाला उपकाराच्या ओझ्याखाली ठेवणं त्यांच्या जिवावर येतं. सकाळी निघताना आधी पंप गाठा, दिवसभर हुंदडा, रात्री परत दोन दांड्यांवर आणून लावा. करारात खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: कमी पडल्यास आकार लागेल, जास्त झाल्यास परतावा नाही. ही ओळ वाचून थबकू नका. मागे रांग असते.

आता थोडं गणित. स्विफ्ट किंवा बलेनोची टाकी ३७ लिटरची असते. तेवढ्या टाकीला आठ दांड्या धरल्या तर एका दांडीमागे साडेचार लिटरहून थोडं जास्त येतं. पेट्रोल शंभरीच्या वर, म्हणजे दांडी पावणेपाचशेची. दांडीला अर्धीमुर्धी पेटता येत नाही. ती पेटते नाहीतर विझते. तुमच्या टाकीत दोन दांड्यांवर आणखी चार लिटर असले तरी दिसणार दोनच दांड्या. आणि पेलाभर पेट्रोल कमी असलं की दिसणार एक. कमी पडलं तर अख्खी दांडी मोजायची, जास्त झालं तर मोजायचंच नाही. इतकं निर्मळ तत्त्व सावकारीतही सापडत नाही. सावकार निदान वहीत दोन्हीकडे आकडे लिहायचा.

इथे पेट्रोल पंपवाल्यांची कीव येते. पंपावर मापाची शंका आली तर तुम्ही पाच लिटरचं माप मागू शकता. वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं ते माप पंपावर ठेवावंच लागतं, आणि पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त फरक पडला तर पंपवाला अडचणीत येतो. पंचवीस मिलिलिटर म्हणजे खोकल्याच्या औषधाचे पाच चमचे. तोच पंप सोडून तुम्ही दोन चौक पुढे गाडी परत करायला गेलात की साडेचार लिटरचा फरक हा फरकच राहत नाही. दांडीवर कुणाचा शिक्का नसतो. ती गाडी बनवणाऱ्याने चालकाला ‘आता पंप बघ बाबा’ एवढं सांगण्यासाठी दिलेली आहे. तिच्यावर पावती फाडायची कल्पना मात्र अस्सल भाडेवाल्याची.

दांडीचं ज्ञानही तपासून घ्या. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. तो खाली-वर झाला की त्याला जोडलेल्या तारेतला विजेचा रोध बदलतो आणि डॅशबोर्डाला तेवढंच कळतं. टाकी सीटखाली, एक्सलच्या आजूबाजूला जागा मिळेल तशी वाकवून बसवलेली असते, त्यामुळे सगळ्या दांड्या सारख्या नसतात. वरची दांडी तुळजापूरला जाऊन आलात तरी जागची हलत नाही, खालच्या दोन अक्कलकोट येईपर्यंत निघून जातात. गाडी उतारावर लावली की फ्लोटही कलतो. आता भाडेवाल्याच्या ऑफिससमोरची जागा आठवा. पुढची चाकं फुटपाथवर, मागची गटाराच्या कडेला. सपाटीवर तीन दाखवणारी गाडी तिथे दोन दाखवते आणि फोटो तिथेच काढतात.

मग संवाद होतो. तो आधीच पाठ केलेला बरा.

“काका, एक दांडी कमी आहे.”

“अरे, आत्ता सात रस्त्यावर पाचशेचं टाकलंय.”

“टाकला असाल ओ काका, पण दिसंना की.”

या पोरावर आवाज चढवू नका. तो सकाळी आठपासून उभा आहे, त्याला दांडीतलं काही मिळत नाही आणि दिसेना ते खरंच दिसत नाही. ‘थोडं पुढे सपाटीवर घेऊन बघू का’ असंही विचारू नका. तो हो म्हणेल, गाडी पुढे घेईल आणि तेवढ्यात उरलेली दांडी लुकलुकायला लागेल.

म्हणून जाणता गिऱ्हाईक काय करतो? आधी पाचशेचं टाकतो. मग मनाच्या शांतीसाठी तीनशेचं. मग पंपावर सुटे नाहीत म्हणून आणखी दोनशेचं. दोन-तीन लिटर जास्त गेलं तरी चालेल, पण त्या पोरासमोर मान खाली नको. पुढच्या गिऱ्हाइकाला तीच गाडी पुन्हा दोन दांड्यांवर मिळते. मधलं पेट्रोल कुठे गेलं हे विचारणं असभ्यपणाचं आहे. मालकाच्या मुलीला क्लासला सोडायचं असतं, हुरड्याला जायचं असतं, गड्ड्याच्या जत्रेत घरच्यांना न्यायचं असतं. तुमच्या चार लिटरांनी कुणाची तरी जत्रा झाली. सिद्धरामेश्वर तुमचं भलं करो.

ज्यांना हा ताण सोसत नाही त्यांच्यासाठी ‘फुल्ल टू फुल्ल’. ऐकायला ही पद्धत फारच सज्जन वाटते. भरलेली न्या, भरलेली आणा. सकाळी सहाच्या सुमाराला वंदे भारत सुटते, तिच्याआधी गाडी द्यायची, म्हणजे पाचला पंपावर. पावती जपून ठेवा, पावतीवरची वेळ आणि ठिकाण दोन्ही बघितलं जातं. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथवर चढलं की आतली हवा अडते आणि नोझल आपोआप बंद होते, हा पहिला कट. गाडी बनवणारा सांगतो, इथेच थांबा. भाडेवाल्याचा फुल्ल याच्या पुढे सुरू होतो: हलवून हलवून, घोट घोट, टाकीच्या गळ्यापर्यंत. जास्तीचं पेट्रोल मग वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डबीत शिरून तिची वाट लावू शकतं. ती बिघडली की दुरुस्तीचं बिलही तुम्हालाच येईल. एका कटात थांबलात तर दांडी कमी, तीन कटांपर्यंत गेलात तर डबी गेली. दोन कटांवर थांबा आणि देवाचं नाव घ्या.

भरायला वेळच नाही मिळाला, तर काळजी नको, ते भरतात. त्यांचा स्वतःचा दर असतो, वर भरण्याची मजुरी. पेट्रोल अजून जीएसटीच्या बाहेर आहे, पण ते भरणं ही ‘सेवा’ असल्यामुळे त्या मजुरीला जीएसटीची ओळ जोडता येते. पाकणीच्या डेपोतून टँकर भरून शहरातल्या पंपावर यायला जेवढा खर्च लिटरमागे येत नसेल, त्याच्या कितीतरी पट पंपापासून भाडेवाल्याच्या दारापर्यंतच्या चारशे मीटरला येतो. रस्ताच तसा आहे म्हणा.

तिसरी पद्धत आपल्याकडे अजून फारशी रुळलेली नाही, परदेशात जाणाऱ्यांनी तिची तयारी ठेवावी. तिकडे अख्ख्या टाकीचे पैसे आधीच घेतात आणि सांगतात, रिकामी करून आणा. टाकी तुमची, पैसे तुमचे, उरलं तर त्यांचं. यात जिंकायचं असेल तर गाडी बरोब्बर त्यांच्या दारात बंद पडली पाहिजे. दोन किलोमीटर आधी बंद पडली तर टोइंगचे पैसे तुमचे. शिवाय टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो. कोरडा चालवला तर तो जळण्याचा धोका. युरोपात इतकी ओरड झाली की २०१५ मध्ये युरोपीय आयोगाच्या दबावाखाली पाच मोठ्या कंपन्यांना भरलेली नेऊन भरलेली आणण्याचा पर्याय नेहमी ठेवण्याचं कबूल करावं लागलं. म्हणजे तिकडच्या लोकांनी भांडून जे मिळवलं ते काय, तर पहाटे पाचला पंपावर जायचा हक्क.

सीएनजीची गाडी देतो म्हणाले तर अजिबात नको म्हणू नका, अनुभव समृद्ध होतो. रांगेत पाऊण तास उभे राहाल, सोलापूरच्या एप्रिलमध्ये. गॅस भरताना टाकीत तापतो, गरम गॅसचा दाब जास्त दिसतो आणि बटणावरचे चारही हिरवे दिवे लागतात. तुम्ही खूश. ऑफिसपर्यंत येईस्तोवर, कागदपत्रं होईस्तोवर गॅस निवतो, दाब उतरतो आणि चौथा दिवा जातो. गॅस तेवढाच आहे, एक ग्रॅम कुठे गेला नाही. पण दिव्याला हे कोण सांगणार?

‘आमची गाडी बावीसचं ॲव्हरेज देते’ हे वाक्य ऐकून त्यावर हिशोब मांडणाऱ्यांनी जरा दम धरावा. तो आकडा प्रयोगशाळेतला. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी. म्हणजे ॲव्हरेज थोडं उतरणारच. पण याबद्दल सोलापूरकरांनी कुरकुर करू नये. राज्यात साखर कारखान्यांची एवढी गर्दी दुसऱ्या जिल्ह्यात नाही. आपल्याच उसाचं आपल्याच टाकीत आलंय, एखादी दांडी गेली म्हणून काय झालं?

काही चळवळ्या माणसं लगेच कायद्याकडे धावतात. त्यांनाही वाट दाखवायला हवी. ग्राहकांसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, तो लागतोही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फीदेखील नाही. मात्र ‘तो करारच एकतर्फी आहे हो’ असं म्हणायचं असेल, म्हणजे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला अनुचित करार, तर ते प्रकरण जिल्हा आयोगाच्या हातात नाही, राज्य आयोगाकडे न्यावं लागतं. पावणेपाचशेच्या दांडीसाठी सोलापूर सोडायचं. जायला गाडी लागेलच. तीही भाड्याने मिळते.

फोटो काढून ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. मीही देतो. गाडी घेताना आणि देताना, सपाट जागेवर, इंजिन चालू करून, दांड्या आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही दिसतील असा. फोटो काढताना पोरगा कौतुकाने बघेल आणि तुमच्याच फोनमध्ये वाकून म्हणेल, “काका, यात पण एक कमीच दिसायलीय.”

आणि हे सगळं नको वाटत असेल तर सोपा मार्ग आहे: मेहुण्याची गाडी मागा. तोही रिझर्व्हवरच देतो. परत करताना टाकी फुल्ल, गाडी धुतलेली, डिकीत शेंगाचटणीचं पाकीट आणि तुळजापूरचा प्रसाद, एवढं लागतंच. करार नाही, डिपॉझिट नाही, जीएसटी नाही. एक दांडी कमी दिसली तर तो तेव्हा काही बोलत नाही. दिवाळीत, सगळे जमल्यावर, बायकोसमोर बोलतो.