विस्मृत नायिका रंगवायची सोपी कृती

परवा एका चित्रप्रदर्शनाला गेले होते. विषय, इतिहासाने विसरलेल्या स्त्रिया. तेव्हापासून डोकं भणभणतंय. म्हटलं, होतकरू कलावंतांना ही विद्या शिकवूनच टाकावी.

विसरलेली बाई निवडताना ती सगळ्यांना ठाऊक आहे ना, याची आधी खात्री करा. झाशीची राणी कधीही चालते.

मुहूर्त ८ मार्च. ९ तारखेला चित्रं उतरवा.

वर्ण गोरा, नाक चाफेकळी, नथ हवीच. सावित्रीबाई, मुक्ता साळवे आणि महाराणी ताराबाई सख्ख्या बहिणी दिसल्या तरी बिघडत नाही. मुक्ताने शाळकरी वयात, १८५५ साली, मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आणला होता. तिला पैठणी नेसवा. राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाला झुंजवणाऱ्या ताराबाईंच्या हाती आरतीचं तबक द्या. तलवार जरा भडक वाटते.

संविधान सभेतल्या १५ जणी एकाच कॅनव्हासवर मागच्या रांगेत उरका. हंसा मेहता कोणत्या आणि दाक्षायणी वेलायुधन कोणत्या, कोण विचारतंय?

आणि अश्रू विसरू नका. माझ्यासमोर रखमाबाई होत्या. उंबरठ्यावर बसलेल्या, पदर डोळ्यांना लावलेला, खाली पाटी: 'सोशिकतेची मूर्ती रुक्मिणीबाई'. नावसुद्धा धड नाही! आणि सोशिक? अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या बाईने पुढे नवऱ्याकडे नांदायला जायला साफ नकार दिला. १८८४ साली त्याने मुंबई हायकोर्टात दावा ठोकला. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाली, तुरुंग चालेल. टिळकांच्या 'केसरी'ने झोड उठवली, तरी ढिम्म हलली नाही. त्याआधीच टोपणनावाने 'टाइम्स'मध्ये पत्रं लिहून बालविवाहाची सालटी काढून झाली होती. मग विलायतेत जाऊन डॉक्टर झाली, सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. यात उंबरठ्यावर बसून रडायला तिला सवड कधी मिळाली हो? संयोजकांना विचारलं, तर म्हणे, "मॅडम, लोकांना इमोशनल आवडतं."

लोकांना! लोकांच्या नावावर स्वतःचा आळस खपवू नका. या बायका हरवल्या नव्हत्या, तोंड चालवायच्या म्हणून बाजूला सारल्या गेल्या. तुम्ही त्यांना परत आणताय, तेही तोंड शिवून. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांची यथेच्छ खरडपट्टी काढली. त्यातली एक ओळ तुमच्या भिंतीवर नाही. जाड पुस्तक नाही ते, एका दुपारी वाचून होतं. तेवढाही कंटाळा असेल तर फुलदाण्या रंगवा, सूर्यास्त रंगवा. या बायकांच्या वाटेला जाऊ नका.