जबड्यासाठी पायाचं हाड: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मला तो तीन नातेवाइकांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात पायाचं हाड काढून जबड्यात बसवायचं म्हणाले, तर सही करू नका. ती प्लास्टिक सर्जरी आहे, म्हणजे रूपासाठी आणि बिल वाढवायला. पाय कायमचा अधू होतो. वरून कातडी लावली तरी भागतं. आणि बसवलेलं मांस शरीर स्वीकारत नाही, सडतं.

मी इथल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. मागच्या आठवड्यात एका ताईंनी हाच मेसेज माझ्यापुढे धरला. त्यांच्या मिस्टरांचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं. म्हणून लिहिते आहे.

आधी रूपाचं. गाठीबरोबर जबड्याचा पुढचा भाग गेला आणि तिथे हाड दिलं नाही, तर हनुवटी आत जाते, खालच्या ओठाला आधार राहत नाही, लाळ गळत राहते, जीभ मागे पडते. माणूस पंगतीत बसायचं सोडतो. याला रूपाची हौस कसं म्हणायचं? हे गिळण्याचं, बोलण्याचं, श्वासाचं काम आहे. जबड्याचा मागचा भाग गेला असेल तर कधीकधी छातीचा स्नायू वर वळवून भागतं, आणि सर्जन तसं सांगतातही. पायाचं हाड प्रत्येकाला लागत नाही, एवढंच मेसेजमध्ये असतं तर मीही तो पुढे पाठवला असता.

बिल मोठं येतं, हे खरं आहे. एक टीम गाठ काढते, दुसरी पायाकडे असते, आठ-दहा तास सहज जातात. सरकारी योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला आधीच विचारा.

आता पाय. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. शरीराचं बहुतेक वजन नडगीचं जाड हाड पेलतं. काढतात ते बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फिब्युला, आणि तेही सगळं नाही. घोट्याजवळचे सहाएक सेंटिमीटर आणि गुडघ्याजवळचं टोक जागेवरच ठेवतात, त्यामुळे सांधे स्थिर राहतात. जबड्यासाठी ही पद्धत हिडाल्गो या सर्जननी १९८९ मध्ये मांडली, आणि आज ती जगभर वापरात आहे. पोटरीवर व्रण राहतो, काही महिने घोटा आखडतो, काहींचा अंगठा पूर्वीसारखा वाकत नाही. हे सहीच्या आधी सांगायलाच हवं. पण आमच्याकडचा अंबडच्या कारखान्यातला एक कामगार आज रोज सकाळी रामकुंडापर्यंत चालत जातो.

आता ‘वरून कातडी लावली तरी भागतं’ याचं. कातडीचा पातळ पापुद्रा खालच्या रक्तावर जगतो. उघड्या हाडावर, धातूच्या पट्टीवर तो धरत नाही. फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट उचललेला कातडी-मांस-हाडाचा तुकडा, स्वतःची धमनी आणि शीर घेऊन येतो. १७९३ साली पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून केलं, तेव्हा ती कातडी एका बाजूने जोडलेली ठेवूनच वळवली होती, म्हणून ती जगली. पायातून मानेपर्यंत असं वळवता येत नाही. तुकडा पूर्ण सोडवून मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवावा लागतो. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या, धागा केसाच्या निम्म्या जाडीचा, टाके मायक्रोस्कोपखाली. असा मोकळा फ्लॅप डॅनियल आणि टेलर या सर्जननी ऑस्ट्रेलियात १९७३ मध्ये यशस्वी केला.

‘शरीर स्वीकारत नाही’ हे तर साफ चूक. किडनी दुसऱ्याची असते, म्हणून तिथे ती भीती आणि आयुष्यभराच्या गोळ्या. इथे हाड, मांस, कातडी त्याच माणसाची. फ्लॅप जातो तो रक्त गोठल्यामुळे, आणि धोका मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत. म्हणून आम्ही तासातासाला टॉर्च घेऊन बघतो: रंग, उष्णता, बोटाने दाबल्यावर परत येणारी लाली. एका रात्री पावणेतीनला मला कातडी जांभळट वाटली. सुई टोचली तर लगेच काळसर रक्त आलं. म्हणजे रक्त आत येतंय, बाहेर जात नाहीये. मी सर्जनना उठवलं, पेशंट परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेला, शिरेतली गुठळी काढली. सकाळी कातडी गुलाबी होती. अनुभवी हातांत शंभरातले पंच्याण्णवच्या वर फ्लॅप टिकतात. जे जातात ते जातात, आणि त्या घरचं दुःख मी पाहिलंय. पण त्या चार-पाचांसाठी बाकीच्यांचा जबडा नाकारायचा का?

त्या ताईंना मी सर्जनना विचारायला तीन प्रश्न लिहून दिले. हाड खरंच लागणार आहे का, की छातीच्या स्नायूवर भागेल? पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्या का? रात्री फ्लॅप कोण बघणार, आणि गरज पडली तर ओटी किती वेळात उघडेल? आणि मिस्टरांच्या खिशातली तंबाखूची पुडी काढून घ्यायला सांगितलं, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, नव्याने जोडलेल्यासुद्धा.