विस्मरण काय फक्त गोऱ्यांना होतं?

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पंचवटीतल्या मावसभावानं एक फॉरवर्ड टाकला. डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मरण आणि बुद्धी ढासळणं, हा पाश्चात्त्यांचा रोग. एकत्र कुटुंब, हळदीचं दूध आणि नातवंडांचा गलका असला की म्हातारपणीही बुद्धी शाबूत राहते, वगैरे. खाली त्याची स्वतःची पुस्ती: ‘ज्यांची पोरं परदेशात, त्यांचेच आईबाप विसरायला लागलेत, बघा.’ सगळ्यांनी हात जोडले. माझ्या सख्ख्या काकूनंसुद्धा.

टोमणा कुणाला होता हे सांगायला नको. माझी आई नाशिकला गंगापूर रोडवर दादा-वहिनीकडे असते. म्हणजे एकत्र कुटुंबातच. हळद रोज पोटात जाते, नातवंडं डोक्यावर नाचतात. तरी विसरते.

मी वेल्समधल्या कार्डिफहून तावातावानं उत्तर टाइप केलं. 60 वर्षांवरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. हा 2023 साली प्रसिद्ध झालेला लासी-डॅड या भारतातल्या ज्येष्ठांच्या डिमेन्शिया पाहणीचा अंदाज. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. पोरं परदेशी गेल्यानं हे होत असेल तर अख्खं सिन्नर-दिंडोरी एव्हाना विमानात बसलेलं असायला हवं होतं!

त्यानं बल्लभगडची लिंक फेकली. हरियाणातल्या त्या अभ्यासात अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघालं होतं, हे खरं आहे. 2001 साली ते छापून आलं. पण आयुर्मान कमी, आजार झाल्यावर माणसं फार जगत नाहीत आणि पाठपुरावाही थोडाच काळ झाला, ही शक्यता त्या संशोधकांनीच लिहून ठेवली आहे. तेवढा परिच्छेद सोडून बाकीचं जगभर फिरलं आणि त्याला हळद चिकटली. हळदीतलं कर्क्युमिन अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. फायदा दिसला नाही. गिळलेलं कर्क्युमिन रक्तात पोचतंच फार थोडं. भाजीत घाला, दुधात घाला, माझी ना नाही.

मग मी आमच्या वेल्सचा हुकमाचा पत्ता काढला. इथे 2013 साली नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली तेव्हा नियम असा होता की 2 सप्टेंबर 1933 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना लस, आधीच्यांना नाही. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी जन्मलेला म्हातारा बाद आणि त्याच्याहून आठवड्यानं लहान असलेली त्याची मैत्रीण आत. दोघांची राहणी तीच, चिप्स तेच. या दोन गटांची तुलना 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आली. लस घेतलेल्यांत पुढच्या सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशानं कमी, आणि बायकांत फायदा अधिक. असं काही शोधायचं तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जन्मतारखेपासून सगळी नोंद लागते. माझ्या आईची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली 1 जून आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. समोरच्या घरातली म्हातारी मात्र टाकली नाही. मुलगा पर्थला. दिवसातून चार वेळा केअरर येतात, पंधरा मिनिटांत गोळ्या आणि टोस्ट देऊन पुढच्या घरी जातात. बिन-डेला, म्हणजे कचरा न्यायच्या दिवशी, तिचा हिरवा डबा मी बाहेर ठेवतो. ती मला दर वेळी नव्यानं नाव विचारते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये डिमेन्शियाचे 14 धोके मोजले. ते सगळे टाळता आले तर जवळजवळ 45 टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यात कमी ऐकू येण्याचे 7 टक्के मी ग्रुपवर लिहिले, कारण मी पाठवलेलं कानाचं मशीन आई लावत नाही. ‘देवळातल्या बायका काय म्हणतील’ म्हणून ते जपमाळेच्या डबीत पडलंय. त्याच यादीत एकटेपणाचे 5 टक्के आहेत. ते मावसभावानं बरोबर शोधून काढले.

इथे मी गप्प बसलो. त्याचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. एकत्र कुटुंब, एकत्र कुटुंब असा जो जयघोष चाललाय, ते आमच्या घरापुरतं बघितलं तर वहिनी नावाची एकटी बाई आहे. संध्याकाळ झाली की आई पिशवीत दोन साड्या आणि अडकित्ता भरून दाराशी उभी राहते. तिला सराफ बाजारातल्या वाड्यात जायचं असतं. वाडा पाडून किती वर्षं झाली! वहिनी भांडत नाही. चप्पल घालते, तिला घेऊन खाली सोसायटीला दोन चकरा मारते, ‘आलं बघा घर’ म्हणून परत आणते. रात्री गॅसचा रेग्युलेटर काढून गव्हाच्या कोठीत लपवते. फॉरवर्डमध्ये तिचा उल्लेख नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या आकड्यांतही नाही. मी सगळ्यांना संशोधन शिकवतो कारण इथून मला तेवढंच करता येतं. दादाला हे कधीच कळलंय. तो माझे मेसेज वाचतो, उत्तर देत नाही.

तरी शहाणपणा शिकवायची खोड जात नाही. इथल्या पोलिसांचा हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणून एक फॉर्म असतो. माणूस हरवण्याआधीच घरच्यांनी त्यात फोटो, जुने पत्ते, नेहमीचे रस्ते लिहून ठेवायचे. 2027 ला कुंभ आहे, रामकुंडावर लोटणाऱ्या गर्दीत आई निसटली तर काय, म्हणून मी तो मराठीत करून वहिनीला पाठवला. ती म्हणाली, ‘भावजी, मागच्या महिन्यात एकदा त्या गेल्याच होत्या. भाजीवाल्यानं ओळखलं आणि रिक्षात घालून आणून सोडलं. पैसेपण घेतले नाहीत.’ कार्डिफमध्ये माझ्या बाबतीत हे कोण करेल, हा विचार तेव्हा आलाच.

पण कुंभात भाजीवाला कुठे पुरणार? फॉर्म तिनं भरला. संपर्काच्या रकान्यात तिचा नंबर, मग दादाचा, तिसरा मावसभावाचा, कारण तो रामकुंडापासून पाच मिनिटांवर राहतो. चौथा मी माझा टाकला होता, तो तिनं खोडला. ‘इथे सकाळचे सात म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे अडीच. तुम्हाला उठवून काय करू?’