क्रांती झाली, आता राज्य कसं कराल?

अभिनंदन! राजा गेला, तुरुंग फुटला, सत्ता हाती आली. ती टिकवायची कशी, यासाठी नव्याने डोकं शिणवू नका. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर, 1793-94 साली, हा प्रयोग यथासांग पार पडलेला आहे.

आधी झकासपैकी राज्यघटना लिहा. मतदान द्या, शिक्षण द्या, जुलमी सरकारविरुद्ध बंड करायचा हक्कसुद्धा द्या. जनमत घ्या. मग शांतता होईपर्यंत ती गुंडाळून ठेवा.

कॅलेंडर बदला. दहा दिवसांचा आठवडा केला की सुट्ट्याही कमी होतात.

मृत्युदंडाविरुद्ध एक भाषण आधीच ठोकून ठेवा. पुढे या सत्तेचा म्होरक्या झालेल्या रोबेस्पियरने 1791 मध्येच उरकलं होतं. नंतर सवड मिळत नाही.

खरं काम संशयितांचं. गुन्हेगाराला पुरावा लागतो, संशयिताला काहीच लागत नाही. 17 सप्टेंबर 1793 चा कायदा गिरवा: वागण्यातून, बोलण्यातून, लिहिण्यातून, उठण्याबसण्यातून जो स्वातंत्र्याचा शत्रू वाटेल तो आत. नागरिकनिष्ठेचा दाखला नाकारला गेला? आत. तरी खटले रेंगाळतातच. त्यावर 10 जून 1794 चा उतारा: बचावाचा वकील बंद, साक्षीदार नसले तरी चालतील, निकाल दोनच, सुटका नाहीतर मृत्यू. पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून जास्त माणसं गिलोटिनखाली गेली. त्याआधीचीही यादी आहेच की. ऑलिंप द गूज या लेखिका बाईंनी काय केलं होतं? कसलं सरकार हवं ते लोकांनाच विचारा, असं पत्रक छापलं. लोकांच्या राज्यात लोकांना विचारा म्हणते, केवढा हा अपराध! क्रांतीतलाच पत्रकार कामिय देमुलाँने आपल्या वर्तमानपत्रातून दयेची मागणी केली, त्याचं मुंडकं उडवलं. आठ दिवसांनी त्याच्या बायकोचं. पोर दोन वर्षांचंही नव्हतं हो त्यांचं!

क्रांतीच्या शत्रूंसाठी खास न्यायालय उभारण्यात फार पुढे पुढे करू नका. क्रांतीचाच पुढारी डांटनने केलं होतं. जेमतेम वर्षभराने त्याच न्यायालयाने त्याला संपवला.

आणि कोणी बोट दाखवलंच, तर सांगा: सुक्याबरोबर ओलंही जळतं. परवा एका चर्चेत एका विद्वान गृहस्थांनी चहाचा घोट घेत मला हेच ऐकवलं. वर "तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?" हेही विचारलं. म्हणजे मी संशयित!

सल्ले गेले खड्ड्यात. ओलं म्हणजे कोण, साहेब? रीतसर मृत्युदंड झालेल्या सुमारे 17,000 लोकांत सरदार-उमराव शंभरात आठ-नऊ. निम्म्याहून जास्त होते शेतकरी, कारागीर, मजूर. ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं, तेच. सीमेवर परकी फौजा होत्या, पश्चिमेकडच्या व्हांदे प्रांतात बंड पेटलं होतं, मान्य. पण नाँत शहरात सरकारी प्रतिनिधी कारिएच्या कारकिर्दीत कैद्यांना होड्यांत कोंबून लुआर नदीत बुडवलं, त्याने कुठली सीमा राखली? तारखा तुम्हाला तोंडपाठ, पुस्तकांनी कपाटं भरलेली, आणि जितीजागती माणसं तुमच्या लेखी सरपण? लाज वाटू द्या जरा.