पेशी सोडून घ्या, बाकीचं आई बघेल

मुलाला ऑटिझम आहे आणि गाठीला काही लाख रुपये आहेत (नसतील तर जुळे सोलापुरातला प्लॉट आहेच), तर आधी तुमचं अभिनंदन. स्टेम सेल (म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी) अधिक ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी थेरपी) हे जोड-पॅकेज तुमच्यासारख्यांसाठीच निघालंय. मात्र त्याचा पुरता लाभ हवा असेल तर काही पथ्यं पाळावी लागतात.

मुख्य पथ्य म्हणजे घराजवळ ओटी करणारी एखादी मॅडम असेल तर तिच्याकडे आधीपासून जाऊ नका. ती पोराला शर्टाची बटणं लावायला शिकवणार, झोक्यावर बसवणार, घरी ज्वारीचं पीठ मळायला द्या म्हणणार. पिठाचा स्पर्श सहन होत नसेल तर आज एक बोट, पुढच्या आठवड्यात दोन, मग कधीतरी अख्खा तळवा. यात पाहुण्यांना सांगण्यासारखं काय आहे? त्यातून काही महिन्यांनी पोरगं खरंच आपल्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायला लागलं, तर ते इंजेक्शनच्या आधीच झालं म्हणून पॅकेजच्या खात्यावर धरता येत नाही. केवढं नुकसान!

तेव्हा आधी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई. तिथं पोराला भूल देऊन कमरेच्या हाडातला मगज काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करतात आणि पाठीत सुई घालून कण्याभोवतीच्या पाण्यात सोडतात. पुढं त्या पेशी नेमकं काय करतात, हे विचारू नका. भिंतीवर रंगीत मेंदूचं चित्र आहे, ते बघा. निळा भाग पिवळा झालाय ना? मग झालं तर.

मग डॉक्टर सांगतात, ‘‘पेशींचं काम आता सुरू झालंय, पण ओटी, स्पीच थेरपी रोज झालं पाहिजे. घरीसुद्धा.’’ इथं पॅकेजची खरी करामत आहे, म्हणून जरा थांबून समजून घ्या. जी मॅडम आधी बिनकामाची होती, ती आता अत्यावश्यक झाली. आई सकाळी उठून पोराला ब्रश धरायला शिकवते, दुपारी मणी ओवायला बसवते, संध्याकाळी पार्कात जिना चढवते-उतरवते. पोरगं सुधारतं. शिवाय ते वर्षानं मोठंही होतं, तेही फुकट. मग आयत्या बिळावर नागोबा येऊन बसतो आणि व्हिडिओत आईच हात जोडून सांगते, ‘‘पेशींमुळं झालं.’’

आणि नाहीच सुधारलं तर? तीही सोय आहे. ‘‘घरचं ओटी कमी पडलं की हो तुमचं!’’ छापा पडला तर पेशी जिंकल्या, काटा पडला तर आई हरली. अशी हमी आपल्या नव्या पेठेतला एकही दुकानदार देत नाही.

कुणी खडूस भाचा ‘‘नुसती ओटी करून काय झालं असतं, ते कसं कळणार?’’ असं विचारेल. त्याला जेवायला वाढा आणि विषय बदला. हाच प्रश्न अमेरिकेत ड्यूक विद्यापीठानं विचारला आणि पंचाईत झाली. 180 मुलांपैकी काहींना नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या, काहींना नुसतं खोटं औषध, आणि कुणाला काय दिलंय हे पालकांना कळू दिलं नाही. 2020 मध्ये निकाल छापून आला. माणसांत मिसळण्याच्या कौशल्यात पेशीवाली मुलं खोट्या औषधवाल्यांच्या पुढं गेली नव्हती. तुम्ही पैसे भरून असली माहिती कशाला घेता?

सरकारी कागदही घरात आणू नका. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की रक्ताच्या काही आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो संशोधन म्हणूनच करावा. आणि संशोधन असेल तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे बिल फाडलं की संशोधन नाही आणि संशोधन नाही म्हटलं की परवानगी नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये ऑटिझमसाठी याची शिफारस नाही असं सांगितलं. जानेवारी 2026 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मान्यताप्राप्त चाचणीबाहेर हा उपचार देता येणार नाही असं म्हटलं. पण आपल्या आत्याबाईंच्या जावेच्या ओळखीत एका मुलाला फरक पडलाय, त्यापुढं न्यायालय काय घेऊन बसलात!

निरामय विम्याबद्दल बोलायचीही गरज नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या त्या योजनेत ऑटिझमच्या मुलाला वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि नेहमीच्या थेरपीचा काही खर्चही निघतो. सुई नाही, भूल नाही, मुंबई नाही. अर्ज भरायचा त्रास मात्र आहे, म्हणून सोडा.

दुसऱ्या डोससाठी पतसंस्थेत कर्ज सांगून ठेवा. आणि महिनाअखेरीला ओटीच्या मॅडमनी फी मागितली की ठणकावून विचारा, ‘‘पीठच तर मळायला देता मॅडम, त्याचे एवढे?’’